इतर हक्क

पहाटे पाचला अकोट्याहून मिनीबस सुटली.
चौदा माणसं, अकरा दुर्बिणी
आणि निवृत्तीचा चौथा महिना लागलेली मी,
डब्यात थेपले, लसणाची चटणी.
डभोई, मग शिनोर, मग धूळ,
मग नर्मदा,
चैत्रातली, अंग चोरून बसलेली.

दलसुख माछीनं होडी धरून ठेवली.
"वच्चे बेसो, बेन, वच्चे."
मधोमध बसले. पाणी दोन्हीकडून सारखंच जवळ.

बेटावर पाऊल टाकायच्या आधी
जशीबेन तडवीनं सगळ्यांचे तळवे घासून घेतले.
हातात तारेचा ब्रश, अंगात खाकी.
"गेल्या साली कुणाच्या तरी बुटाला चिकटून
गांडो बावळ आला होता.
उपटता उपटता सहा महिने गेले."
मी माझ्या कॅनव्हासच्या बुटांकडे पाहिलं.
त्यांनी आजवर फक्त
भूमी-अभिलेख कचेरीचे जिने चढलेत.

मग वही. नाव, वय, आत जायची वेळ.
बाहेर यायची वेळ कोरी.
तिनं 'शिर्के'चं 'शिरके' केलं. मी गप्प राहिले.
चौतीस वर्षं मी लोकांच्या नावांत चुका केल्यात
आणि त्या दुरुस्त करायला त्यांनाच
तीन-तीन खेटे घालायला लावलेत.

आत सावली.
अर्जुनाची साल घड्यांवर सुटत आलेली,
कपाटातल्या जुन्या गावनकाशासारखी.
कुणीतरी कुजबुजलं, "स्वर्गीय नर्तक!"
अकरा दुर्बिणी एकदम वळल्या.
मला दिसली नुसती हललेली फांदी.
"दिसला ना?"
"दिसला," मी म्हणाले.

खरं तर सगळ्यांना मगर हवी होती.
सापडली तिच्या पोटाची ओढ,
वाळूतून पाण्यापर्यंत,
दोन्ही अंगांना पंजे.
माणसं त्या ओढीचेच फोटो काढत राहिली.
मला हसू फुटलं. आमच्या सोसायटीमागे विश्वामित्री.
पुराच्या साली एक मगर पार्किंगमध्ये
जोगळेकरांच्या स्कूटरखाली येऊन झोपली होती,
आणि तिचे साडेसहाशे रुपये
कुणी घेतले नव्हते.

खालच्या टोकाला दोरी बांधलेली.
पलीकडे नदीसुरयांची अंडी,
वाळूतच, वाळूच्याच रंगाची,
घरटं म्हणावं असं काहीच नाही.
न राहवून विचारलं,
"बेटाचं क्षेत्रफळ किती?"
"कुठल्या सालचं?" जशीबेन म्हणाली.
"नदी वरून खाते, खाली थुंकते.
दोरीचे खुंट दर साली नवे."

वीतभर सरकलेल्या दगडापायी
भावाभावांना मी कोर्टात जाताना पाहिलंय.
दोघांनाही नक्कल दिलीय, शिक्का मारून.
इथं अख्खी जमीनच
खाडीच्या दिशेनं निघालेली,
अर्ज नाही, पंचनामा नाही,
पाठीवर एवढी झाडं घेऊन.

परतताना जशीबेननं माणसं मोजली. तेरा.
पुन्हा मोजली. तेरा.
तिचा चेहरा उतरला, ती झाडीकडे वळणार
तेवढ्यात माझ्या लक्षात आलं,
मी तिच्या शेजारी उभी होते,
तिची वही धरून.

रात्री तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत
बूट वाळत घातले.
उताऱ्यावर एक रकाना असतो,
'बीजा हक्को', म्हणजे आपले इतर हक्क:
कुणाची पायवाट, कुणाचा विहिरीत चौथा हिस्सा,
मालक नसलेल्यांची नावं तिथं लिहितात.
आमच्या सोसायटीचा उतारा माझ्याच हाताखालून गेला.
त्या रकान्यात
मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:
निरंक.

खाली नदीकडे एक कुत्रं
बराच वेळ भुंकत होतं.
मग एकदम गप्प झालं.